लॅब्राडोर लॅब्राडोरचा नव्हेच!

घरोघरी लाडावलेल्या या ‘लॅब’चं मूळ गाव कॅनडातलं न्यूफाउंडलंड बेट. लॅब्राडोर हा तिथून सामुद्रधुनीपलीकडचा, मुख्य भूमीवरचा भाग. न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदराच्या नावाने ओळखले जाणारे काळे कुत्रे मच्छीमारांच्या हाताखाली राबत. जाळी ओढ, निसटलेला मासा तोंडात धरून आण, असली कामं. मासळीच्या गलबतांतून ते इंग्लंडच्या पूल बंदरात उतरले आणि माल्म्सबरीच्या उमरावांनी बदकांच्या शिकारीसाठी त्यांची पैदास केली. आता ‘न्यूफाउंडलंड’ हे नाव आधीच दुसऱ्या एका धिप्पाड, झुबकेदार कुत्र्याने पटकावलेलं. मग शेजारच्या मुलखाचं नाव याच्या गळ्यात पडलं. 1903 मध्ये ब्रिटिश केनेल क्लबने त्यावर शिक्का मारला. गंमत म्हणजे त्या मुलखाचं नावही उसनंच! पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव फर्नांडिश ‘लाव्रादोर’, म्हणजे जमीनदार, म्हणून ओळखला जाई. त्याच्यावरून हे नाव आधी ग्रीनलंडला लागलं, नंतर नकाशांवर सरकत कॅनडाच्या किनाऱ्यावर आलं. सेंट जॉन्सच्या त्या कुत्र्यांच्या छातीवर पांढरा पट्टा असे. आजच्याही एखाद्या काळ्या लॅबच्या छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका सापडतो.