फुप्फुसांकडच्या धमनीचं बीपी डॉक्टर कसं ओळखतात?

दंडाला पट्टा बांधून आपण जे बीपी मोजतो, ते शरीरभर रक्त नेणाऱ्या धमन्यांचं. हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीचं बीपी वेगळं असतं आणि खूप कमी. वरचा आकडा साधारण २५ च्या आसपास. तो दाब वाढला की पल्मनरी हायपरटेन्शन. दंडाचं बीपी १२०/८० असतानाही हे वाढलेलं असू शकतं, आणि स्मार्टवॉचला त्याचा पत्ताही लागत नाही. सुरुवातीला फक्त जिना चढताना धाप लागते. 'वजन वाढलंय' म्हणून आपण सोडून देतो, आणि निदान उशिरा होतं.

खात्रीचा मार्ग म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन थेट मोजणं. सरासरी दाब २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला की निदान पक्कं. पण धाप लागणाऱ्या प्रत्येकाला नळी कोण घालणार? म्हणून आधी टू-डी इको.

गंमत अशी की इको दाब मोजतच नाही, वेग मोजतो. हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये ट्रायकस्पिड नावाची झडप असते. ती बऱ्याच जणांची थोडीशी गळते. खालचा कप्पा आकुंचन पावला की त्या फटीतून रक्ताची बारीक धार मागे उसळते. दाब जितका जास्त, धार तितकी जोरात. जवळ येणाऱ्या अॅम्ब्युलन्सच्या सायरनचा आवाज बदलतो ना, त्याच डॉप्लर तत्त्वावर अल्ट्रासाऊंड त्या धारेचा वेग पकडतो.

मग हिशेब: ४ × वेग × वेग. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर ३६. हा झाला दोन कप्प्यांतल्या दाबाचा फरक. त्यात वरच्या कप्प्याचा दाब मिळवायचा. तो पोटातल्या मोठ्या शिरेची रुंदी आणि श्वास घेताना ती किती मिटते, यावरून ३, ८ किंवा १५ असा धरतात. पॉल यॉक आणि रिचर्ड पॉप यांनी १९८४ मध्ये ही पद्धत नळीच्या मोजमापाशी ताडून दाखवली. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, एवढं सोपं?

तेवढं सोपं नाही. वेगाचा वर्ग होतो, म्हणजे चूकही फुगते. खरा वेग ३.५ असेल तर उत्तर ४९. प्रोब धारेच्या दिशेपासून ३० अंश तिरका राहिला तर वेग ३ दिसतो आणि उत्तर येतं ३६. वर शिरेवरून धरलेला आकडा हाही अंदाजच. म्हणून २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना दाबापेक्षा मूळ वेगाकडे बघायला सांगतात: २.८ पर्यंत शक्यता कमी, ३.४ च्या वर जास्त. सोबत उजवा कप्पा फुगलाय का, तेही पाहायचं.

माझ्या मते रिपोर्टमधली खरी कामाची ओळ 'टीआर व्हेलॉसिटी' ही आहे. तिथे 'मोजता आली नाही' असं लिहिलेलं असेल, तर दाब नॉर्मल आहे असा अर्थ होत नाही. धार नीट दिसली नाही, एवढंच. धाप मात्र चालूच असेल तर तोच रिपोर्ट घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, पुढे काय करायचं.