एका शिलिंगात बाग

1927 साली इंग्लंड आणि वेल्समधल्या 609 बागांनी लोकांसाठी आपले फाटक उघडले. तिकीट माणशी एक शिलिंग. वर्षअखेरीस आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. गंमत म्हणजे हा पैसा बागांसाठी नव्हता. तो घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी होता. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी आजारी पत्नीची सेवा करणाऱ्या परिचारिकेलाच 1859 मध्ये गरिबांच्या घरी धाडले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या समितीवर पुढे एल्सी वॅग नावाच्या बाई होत्या. देशात एवढ्या देखण्या बागा, आणि त्या पाहायच्या फक्त मालकाने आणि त्याच्या पाहुण्यांनी? त्यांच्या या प्रश्नातून ‘नॅशनल गार्डन स्कीम’ जन्माला आली. आज तिच्या पिवळ्या मार्गदर्शिकेत साडेतीन हजारांच्या आसपास बागा असतात.

या योजनेचा खरा रंग पाहायचा तर कॉट्सवोल्ड्समध्ये जावे. इंग्लंडच्या नैऋत्येकडचा हा टेकड्यांचा मुलूख. खाली चुनखडी, तिच्याच मधाळ रंगाच्या दगडांची घरे, चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले गडगे. माती फारशी खोल नाही आणि माथ्यावर वारा दिवसभर घोंघावतो. बाग फुलवायला ही जागा सोयीची नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

हिडकोटची बाग या वाऱ्याच्या त्रासातूनच घडली. 1907 मध्ये गर्ट्रूड विन्थ्रॉप या अमेरिकन विधवेने चिपिंग कॅम्पडेनजवळचा हा वाडा घेतला आणि तिचा मुलगा लॉरेन्स जॉन्स्टन शेतजमिनीवर बाग आखू लागला. पॅरिसमध्ये जन्मलेला, ब्रिटिश नागरिकत्व घेऊन बोअर युद्धात लढलेला हा लाजराबुजरा गडी. वारा अडवायचा म्हणून त्याने यू, हॉली, बीच, हॉर्नबीम यांची उंच कुंपणे लावली आणि त्या हिरव्या भिंतींमधून दालनांमागून दालने काढली. एकात सगळी फुले लाल, दुसऱ्यात पांढरी, तिसऱ्यात नुसते गोल पाण्याचे तळे. एका दालनातून पुढचे दिसत नाही, त्यामुळे चालणाऱ्याची उत्सुकता काही संपत नाही. नव्या झाडांसाठी त्याने दक्षिण आफ्रिका आणि चीनचा युन्नान प्रांतही पालथा घातला. एवढे करून त्याने स्वतःच्या बागेबद्दल फारसे लिहून ठेवले नाही. पुढच्या माळ्यांना बरेच काही अंदाजानेच करावे लागले.

1948 मध्ये जॉन्स्टनने हिडकोट वारसास्थळे जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या हवाली केली. घर किंवा वाडा म्हणून नव्हे, निव्वळ बाग म्हणून ट्रस्टने स्वीकारलेली ही पहिली जागा. त्याच वर्षी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, घरोघरच्या परिचारिकांचा भार सरकारने उचलला, आणि गार्डन स्कीमने आपल्या पैशातला काही वाटा ट्रस्टच्या बागा जगवायला द्यायचे ठरवले. परिचारिकांसाठी उघडलेली फाटके अशी बागांच्याही कामी आली.

रस्ता ओलांडला की किफ्ट्सगेट. इथे ट्रस्ट नाही. एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांनी ही बाग सांभाळली. हेदर म्यूर ही जॉन्स्टनची शेजारीण आणि मैत्रीण. तिची मुलगी डायनी बिनी आणि नात ॲन चेंबर्स यांनी आपापल्या हातची भर घातली. नातीने तर टेनिसच्या मैदानाचे जलउद्यान करून टाकले. इथला पांढरा गुलाब मात्र कुणाच्याच आटोक्यात राहिलेला नाही. 1938 मध्ये लावलेली ही वेल झाडांवर चढत गेली आणि आता तिची गणती देशातल्या सर्वांत मोठ्या गुलाबांत होते.

स्ट्राउडजवळच्या पेन्सविकची कथा वेगळी. बेंजामिन हाएटने 1740च्या दशकात आखलेली बाग पुढे रानाने गिळली. पण 1748 मध्ये थॉमस रॉबिन्सने तिचे तपशीलवार चित्र काढून ठेवले होते. 1984 पासून ते समोर ठेवून वाटा, छोट्या इमारती, मधोमधचे भाजीचे वाफे पुन्हा उभे केले गेले. फेब्रुवारीत इथे स्नोड्रॉपच्या पांढऱ्या फुलांचा नुसता सडा असतो.

मराठी वाचक थबकेल तो सेझिनकोटला. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने इथे मुघली घुमटाचे घर बांधवून घेतले. बागेच्या कामात चित्रकार थॉमस डॅनियलचा सल्ला होता. तो भारतभर हिंडला होता. बागेत सूर्याचे देऊळ आहे, पुलाच्या कठड्यावर नंदी बसले आहेत आणि पुलाखालचे खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतले आहेत, असे सांगतात. कॉट्सवोल्ड्सच्या ओढ्यावर घारापुरी! कंपनीच्या पैशाचे काय करायचे याचे हे निदान निरुपद्रवी उदाहरण. पैसा आला कसा, हा प्रश्न अर्थात उरतोच.

ही झाली नावाजलेली ठिकाणे. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी गावेच्या गावे बागा उघडतात, तेव्हाची मजा निराळी. एका तिकिटात दहा-बारा परसबागा, गावच्या सभागृहात चहा-केक, बाहेर रोपांचा ठेला. काही ठिकाणी सामाईक जमिनीवरचे भाजीचे वाफेही पाहायला मिळतात. अशा एका तुकड्याचे जुने माप दहा रॉड, म्हणजे साधारण अडीच गुंठे. 1908 च्या कायद्यानुसार गावातल्या सहा मतदारांनी अशी जमीन मागितली, तर स्थानिक परिषदेला त्या मागणीची दखल घ्यावीच लागते. बटाटे, लीक, रनर बीन आणि रुबार्ब यांच्या शेजारी हौसेने लावलेले डेलिया इथे हमखास दिसतात.

एकच दिवस हाताशी असेल तर जुलैच्या सुरुवातीला हिडकोट आणि किफ्ट्सगेट गाठावे. तेव्हा तो अवाढव्य गुलाब फुललेला असतो. दोन्हींचे वार मात्र आधी तपासावेत, ते नेहमी जुळत नाहीत. घाई नसेल तर गावच्या खुल्या बागा अधिक चांगल्या, कारण तिथे मालक स्वतः वाफ्याशी उभे असतात आणि छाटणी नेमकी कधी करायची, हे त्यांना थेट विचारता येते.