मांजराच्या वाटीत कुत्र्याचं खाणं नको

कुत्र्यांसाठी मिळणारे काही मऊ, ओलसर तुकडे पाकीट उघडल्यावरही वाळत नाहीत. त्यामागे बहुतेकदा प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. ते ओलावा धरून ठेवतं आणि बुरशी रोखतं. ठरावीक प्रमाणात कुत्र्याला ते सोसतं, मांजराला सोसत नाही.

मांजराचं हिमोग्लोबिन मुळातच नाजूक. या द्रव्यामुळे ते बिघडतं आणि त्याच्या गुठळ्या तांबड्या पेशींच्या कडेला चिकटतात. खास रंग दिलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली त्या गडद ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. अशा पेशी लवकर मरतात. मांजर वरून धडधाकट दिसतं, म्हणूनच मला हा धोका जास्त गंभीर वाटतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ साली मांजरांच्या खाद्यात ते वापरायला बंदी घातली. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील, तर वाट्या वेगळ्या ठेवा आणि कुत्र्याचा खाऊ मांजराला देऊ नका.

खाद्यातल्या एथॉक्सिक्विन या दुसऱ्या द्रव्याची गोष्ट वेगळी. चरबी खवट होऊ नये म्हणून ते घालतात. १९९७ मध्ये त्याच प्रशासनाने उत्पादकांना कुत्र्यांच्या खाद्यातली कमाल मात्रा दहा लाखांत १५० भागांवरून ७५ वर आणायला सांगितलं, तेही स्वेच्छेने. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याची परवानगी स्थगित केली. मासळीच्या पुडीत हे द्रव्य पुरवठादाराकडेच मिसळलेलं असू शकतं. त्यामुळे पाकिटावर नाव नसलं, तरी मासळीयुक्त खाद्याच्या कंपनीला थेट विचारावं.