पाचगणीला जाताय? मग एक दिवस घाटाखाली द्या!

मंडळी, टेबललँड आणि स्ट्रॉबेरी झाली की बरेच जण परत फिरतात. पसरणी घाट उतरून वाईला जा. गणपतराव रास्त्यांनी 1762मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या आणि तिथून जवळच असलेलं मेणवली गाठा.

नाना फडणवीसांचा वाडा इथेच, कृष्णेकाठी. भिंतींवरची जुनी चित्रं पुसट झाली आहेत, तरी निवांत बघण्यासारखी आहेत. पण माझा जीव अडकतो तो घाटावरच्या घंटेत. देवळाशेजारच्या दगडी घुमटीत टांगलेल्या या घंटेजवळ जाऊन नीट निरखा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात दिसेल! 1739मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या देवळादेवळांत टांगल्या गेल्या. त्यांतलीच ही एक. ‘स्वदेस’ सिनेमातला घाटही हाच, बरं का.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर साताऱ्यावरून औंधला जाच. यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938मध्ये उभारलं. ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्प, तेही एका खेड्यात! माझ्या मते महाराष्ट्रातलं हे सर्वांत उपेक्षित रत्न आहे.

निघण्याआधी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या. आणि मेणवलीच्या वाड्यात भिंतींना हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.