रेल्वेची नोकरी : अर्जापूर्वीचा विचार

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात होसूर व सरजापूर ह्या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दरम्यान जी वसाहत उभी राहिली, तिला त्या रस्त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एचएसआर लेआउट हे नाव पडले. वसाहतीतून रेल्वेचा मार्ग जात नाही. जवळची स्थानके म्हणजे सेलमकडे जाणाऱ्या मार्गावरील बेळ्ळंदूर रोड व कार्मेलाराम. बेळगाव किंवा खानापूरहून येथे येऊन राहिलेला एखादा मराठी तरुण रेल्वेत नोकरी शोधू लागला, की अर्ज कोठे करावा हा प्रश्न त्याच्यापुढे प्रथम उभा राहतो.

बेळगाव आणि बंगळूर ही दोन्ही शहरे दक्षिण पश्चिम रेल्वेत मोडतात. ही रेल्वे 2003 साली अस्तित्वात आली व तिचे मुख्यालय हुबळी येथे आहे. तिची भरती बंगळूरच्या रेल्वे भरती मंडळामार्फत होते. मात्र उमेदवार आपल्या पसंतीच्या कोणत्याही मंडळाकडे, उदाहरणार्थ मुंबईच्या मंडळाकडेही, अर्ज करू शकतो. अट एवढीच, की एका जाहिरातीसाठी एकाच मंडळाकडे अर्ज करावा. दोन ठिकाणी केल्यास ते बाद ठरतात. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते तशी कन्नडमध्येही मिळते. त्यामुळे परीक्षेपुरता भाषेचा अडसर उरलेला नाही. गुणवत्ता यादी मात्र प्रत्येक मंडळाची निराळी असते, आणि एकदा नेमणूक झाली म्हणजे दुसऱ्या विभागात बदली सहजी मिळत नाही. मंडळाची निवड म्हणजे बहुधा पुढील आयुष्याच्या मुक्कामाची निवड होय.

ह्या परीक्षांना किती काळ द्यावा लागतो, ह्याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. 2019 साली लिपिक, स्टेशन मास्तर इत्यादी सुमारे 35 हजार जागांची जाहिरात निघाली. अर्ज सव्वा कोटीच्या घरात आले, आणि पहिली परीक्षा सुरू होण्यास डिसेंबर 2020 उजाडला. इतकी वर्षे ज्या पदासाठी खर्च करावयाची, त्या पदास आपले शरीर पात्र आहे काय, हे तपासून पाहण्याचा विचार फारच थोड्यांना सुचतो.

येथे डोळ्यांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. सहायक लोको पायलट, म्हणजे इंजिनचालकाचा मदतनीस, ह्या पदासाठी चष्म्यावाचून दोन्ही डोळ्यांची दूरदृष्टी 6/6 असावी लागते. रंगही अचूक ओळखता यावे लागतात. ही अट मनमानी नव्हे. रात्री धावत्या गाडीतून दुरूनच लाल, पिवळा, दुहेरी पिवळा की हिरवा दिवा आहे हे ओळखावयाचे असते. सहायकाने तो मोठ्याने सांगावयाचा आणि चालकाने त्याचा पुनरुच्चार करावयाचा, अशी पद्धत आहे. चष्म्याचा क्रमांक घालविण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घेतलेला उमेदवारही ह्या पदास अपात्र ठरतो. चष्मा सुटला म्हणून आनंदलेल्या मुलास हे सहसा कोणी सांगत नाही. स्टेशन मास्तरास चष्म्यावाचून 6/9 दृष्टी लागते. लेखा विभागातील लिपिकास मात्र चष्मा चालतो. दुर्दैवाने परीक्षेचा क्रम उलटा आहे. लेखी परीक्षेचे टप्पे आधी येतात आणि वैद्यकीय तपासणी शेवटी. तेव्हा शिकवणीचे शुल्क भरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडे एकदा जाऊन यावे, हे उत्तम. खर्च अल्प, आणि तीन वर्षे वाचण्याचा संभव.

रूळांची निगा राखणाऱ्या कामगारासारख्या पहिल्या स्तरावरील पदांसाठी लेखी परीक्षेनंतर शारीरिक कसोटी होते. पुरुषांनी 35 किलोचे ओझे खाली न ठेवता दोन मिनिटांत 100 मीटर नेणे, व 1000 मीटर अंतर सव्वाचार मिनिटांत धावणे आवश्यक असते. स्त्रियांसाठी ओझे 20 किलोचे व धावण्याची वेळ 5 मिनिटे 40 सेकंद आहे.

आयटीआय झालेल्या मुलांना रेल्वेच्या कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारीचा मार्ग खुला असतो. ती 1961 च्या कायद्यानुसार चालते व विद्यावेतन मिळते, पण पुढे नोकरी देण्याचे बंधन रेल्वेवर नसते. प्रशिक्षण पुरे केलेल्यांसाठी पहिल्या स्तरातील 20 टक्के जागा राखून ठेवतात, आणि त्यांनाही परीक्षा द्यावीच लागते. ह्याच असंतोषातून 20 मार्च 2018 रोजी शेकडो तरुणांनी मुंबईत माटुंगा ते दादर दरम्यान लोकल गाड्या रोखल्या. शिकाऊ उमेदवारीस नेमणूक समजणे, हा गैरसमज इतका खोलवर रुजला आहे.

एचएसआर लेआउटच्या रहिवाशास मेट्रोचे काम डोळ्यांसमोर दिसते. परंतु मेट्रो हे केंद्र व राज्य ह्यांचे संयुक्त महामंडळ असून त्याची भरती स्वतंत्र आहे, आणि तेथे कन्नडचे ज्ञान खरोखरच उपयोगी पडते. 2025 च्या मार्चमध्ये चालकांची कंत्राटी भरती जाहीर झाली, तेव्हा मेट्रो चालविण्याचा पूर्वानुभव मागितला होता. अशी अट बहुधा परप्रांतीयच पुरी करू शकतील, असा आक्षेप कन्नड संघटनांनी घेतला व जाहिरात मागे घेतली गेली. बेळगावच्या मराठी मुलाने कन्नड वाचता-बोलता ठेवले असेल, तर ह्या बाजूस त्याचे पारडे जड राहते.

पैसे घेऊन नेमणूकपत्र देणारे दलाल सर्वत्र आढळतात. 2022 साली तमिळनाडूतील 28 तरुणांना त्यांनी असेच फसविले. प्रशिक्षण म्हणून ह्या तरुणांना नवी दिल्ली स्थानकावर सुमारे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या व त्यांचे डबे मोजावयास लावले होते.