असं का? : टेबलाभोवतीची कमान

तुळजापूर-सोलापूर रस्त्यावर दुचाकी घसरून मांडीचं हाड मोडलं, तर हाडात सळई घालतात. टाके मात्र मोजकेच. मग डॉक्टरांना आतलं दिसतं कसं?

‘सी-आर्म’ या कमानीच्या आकाराच्या क्ष-किरण यंत्रामुळे. शिलाई मशीनची कमान एका बाजूनं उघडी असते, म्हणून कापड हवं तसं फिरवता येतं. इथेही तसंच. एका टोकाला क्ष-किरणांची नळी, दुसऱ्या टोकाला प्रतिमा टिपणारा भाग, मधे पेशंट. उघड्या बाजूनं सर्जनचे हात पोचतात. कमान फिरते, त्यामुळे पेशंटला न हलवता समोरून आणि बाजूनं चित्र मिळतं. स्क्रू हाडात आहे की बाहेर, हे एका चित्रावरून कळत नाही.

नळी शक्यतो टेबलाखाली ठेवतात. किरण शरीरात जिथून शिरतात, तिथूनच जास्त विखुरतात. नळी खाली असली की ते बरेचसे जमिनीकडे जातात, डोळे वाचतात.

उरलेल्या किरणांसाठी अंगावर शिशाचा एप्रन. कित्येक किलोंचं ओझं, त्यात चित्र दाखवणारा पडदा बाजूला असला की मानही वळलेली. पडदा सर्जनच्या समोर, नजरेच्या किंचित खाली हवा. पडद्याची ट्रॉली सरकवायला पैसे लागत नाहीत. पण ती आधीच सरकवावी लागते. नंतर तारा, भुलीचं मशीन आणि कमान यांत जागाच उरत नाही.