लांबलेली लग्ने, अडलेली लग्ने

हल्लीचे तरुण लग्नच करीत नाहीत, ही तक्रार घरोघर ऐकू येते. पण तिच्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक, लांबलेल्या लग्नाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी विवाह झालेल्यांचे प्रमाण २००५-०६ साली ४७.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २३.३ टक्क्यांवर आले. याला ऱ्हास कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट अडलेल्या लग्नाची, आणि ती अधिक बोचरी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. मागणी होती नवरीची! ऐकणाऱ्याला हसू येते. परंतु २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ९१३. ती पिढी आता उपवर झाली आहे. त्यातच शेतकरी बापही आपली लेक शेतकऱ्याच्या घरी द्यायला कचरतो. दोष मात्र मुलींच्या वाढलेल्या अपेक्षांना! हरियाणात बंगाल, आसाम, बिहारमधून वधू आणल्या जातात. त्यांना तेथे ‘मोलकी’, म्हणजे मोल देऊन आणलेली, असे म्हणतात. सासरची बोली कानांना परकी, आणि सुखदुःख सांगावे ते माहेर शेकडो कोस दूर.